दुपारी दोनचा मुका फोन

पारोळा,
७ जून १९९८

तीर्थरूप भाऊ आणि सौ. वहिनी यांच्या पायांवर धाकट्या मोतीलालचे डोके.

पाकिटावरचे अक्षर ओळखून तुम्ही पत्र आधी उलटसुलट करून पाहिले असेल आणि वहिनींना हाक मारून चष्मा मागवला असेल. पत्र माझेच आहे, शुद्धीवर असताना लिहिले आहे आणि कुणी वारलेले नाही. तुमची प्रकृती कशी आहे, असे विचारण्याची रीत आहे, पण ती मला तपशीलवार ठाऊक आहे (कशी ठाऊक, ते पुढे येईल, घाई करू नका). वहिनींच्या पाठीचे दुखणे आता बरे असावे. इकडे मी, मंजुळा, हेमी आणि भटू चौघेही धडधाकट आहोत. काल दुपारी आमच्या घरात जे घडले त्यानंतर मला रात्रभर झोप नाही. आनंदाने म्हणावे तर तसेही नाही, पण रागानेही नाही.

तीन वर्षांचा अबोला एका पत्राने मोडायचा म्हणजे सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, म्हणून भांडणापासूनच करतो. तुमच्या प्रकाशच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट तीन तासांची. त्यात वहिनींच्या माहेरची माणसे बदामाच्या आकारातून, ताऱ्यांतून, फिरत्या चक्रातून बाहेर येतात. मंडपातली कुत्रीसुद्धा दोनदा दिसते. आणि नवरदेवाचा सख्खा काका एकदाच, तोही पाठमोरा, हातात मठ्ठ्याची बादली. मी ती कॅसेट एस.टी.च्या कंडक्टरबरोबर परत पाठवली, तीही रिवाइंड न करता, शेवटावरच ठेवून. तुम्ही माझ्या पोराच्या मुंजीसारख्या कार्याला आला नाहीत, मी तुमच्या वास्तुशांतीला आलो नाही. असे म्हणता म्हणता तीन वर्षे गेली. आपल्या दोघांच्या वयाची बेरीज शंभराच्या वर जाते, हेही इथेच लिहून ठेवतो.

आता मूळ मुद्दा. मार्चमध्ये हेमीच्या शाळेत पालक मेळावा झाला. जळगावहून एक मानसतज्ज्ञ आले होते. विषय होता, टीव्ही, फोन, व्हिडिओ गेम आणि संगणकाच्या या जमान्यात मुले कशी वाढवावीत. भाऊ, काय सांगू, तो माणूस बोलत होता आणि मला वाटत होते की तो आमच्याच घराच्या खिडकीत बसून सगळे बघून आला आहे. ते म्हणाले, अशा वस्तू कोपऱ्यात ठेवू नका, घराच्या मध्यावर ठेवा, सगळ्यांच्या नजरेसमोर. म्हणाले, मुलाचे मित्र कोण, कुणाशी बोलतो, ते माहीत करून घ्या. म्हणाले, मुलाच्या बोलण्याकडे कान द्या. चौथे एक काहीतरी महत्त्वाचे म्हणाले, पण तेवढ्यात बाहेर चहा आला होता आणि बाजार समितीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला चहाच्या कपांचा आवाज आला की बसवत नाही. तीन मुद्द्यांवर मुले वाढतील असा हिशेब करून मी घरी आलो.

घरी येताक्षणी मी फोन उचलला आणि घराच्या मध्यावर आणला. आमच्या घराचा मध्य म्हणजे ओटा आणि स्वयंपाकघर यांच्यामधला उंबरठा. तिथे पिठाचा मोठा डबा, त्यावर फोन. तेव्हापासून घरातला प्रत्येक माणूस दिवसातून पन्नास वेळा वायर ओलांडतो आणि फोन कानाला लावला की कुणाचाही कान पिठाने पांढरा होतो. भटूचा व्हिडिओ गेमही मी मध्यावर आणला. त्याचा परिणाम असा झाला की पूर्वी तो एकटा खेळत असे, आता त्याची आई भाजी निवडता निवडता त्याला, उजवीकडे उडी मार, असे सांगते. (पालकांनी यातून धडा घ्यावा. मध्य निवडताना स्वयंपाकघर लांब ठेवावे.)

आणि मग एप्रिलपासून मुके फोन सुरू झाले. दुपारी दोन वाजता घंटी. मी उचलला की पलीकडे शांतता, श्वास ऐकू येतो आणि खट्. मंजुळेने उचलला की खट्. भटूने उचलला की खट्. हेमीने उचलला की मात्र दहा-दहा मिनिटे हळू आवाजात बोलणे. घरात अठरा वर्षांची मुलगी, बारावीची परीक्षा देऊन बसलेली आणि दुपारी दोनचा मुका फोन. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? मी तेच समजलो. लगेच जाहीर केले की हेमीने मनात धरलेले धुळ्याचे संगणकाचे कॉलेज नाही, काही नाही. पोरगी पारोळ्यातच राहील आणि वर्षभरात एखादे चांगले स्थळ पाहू. हेमी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटले, तज्ज्ञांनी सांगितले होतेच की या वयात असे होते.

दुसऱ्या मुद्द्याप्रमाणे आता मुलगा कोण ते शोधायचे होते. म्हणून मी ओट्यावर वर्तमानपत्र धरून, पान न उलटता, कान देऊन बसू लागलो (हा तिसरा मुद्दा). जे ऐकू आले त्याने माझी झोप उडाली. हेमी विचारत होती, सकाळची गोळी घेतली का? मग, बी.पी. किती आले? मग, गुडघ्याला तेल लावता की नुसते सांगता? आणि एकदा, डोळ्यात थेंब टाकल्यावर लगेच बाहेर उन्हात जाऊ नका. भाऊ, मुलीला कुणीतरी आवडतो याचे दुःख मी कसेबसे गिळले असते. पण पोराचा इतक्या लहान वयात रक्तदाब, गुडघा आणि डोळे तिन्ही कामातून गेलेले, हे माझ्याच्याने गिळवेना. मी मंजुळेला म्हटले, पोरगी प्रेमात पडली ती पडली, निदान तब्येत बघून तरी पडायचे. तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटले, रडते आहे.

गुडघ्याचा धागा माझ्या हातात होता. आमच्या गल्लीच्या टोकाला लोटन अण्णांचे सरकीचे दुकान आहे. त्यांचा मोठा मुलगा मोटारसायकलवरून पडून गुडघ्याला प्लास्टर घालून घरीच पडलेला. मी लगेच धोतर बदलून, टोपी घालून, अर्धा डझन केळी घेऊन तब्येतीची चौकशी म्हणून त्यांच्या घरी गेलो. मुलाजवळ बसलो. शिक्षण विचारले. झोप लागते का, रागीट आहेस का, रक्तदाबाचा त्रास घरात कुणाला आहे का, चष्म्याचा नंबर काय, दुपारी दोनला काय करतोस, असे सगळे अगदी प्रेमाने विचारले. पोरगा निर्दोष आहे हे मला पाच मिनिटांत कळले, कारण त्याला आमचा फोन नंबरही माहीत नव्हता. पण तोवर आतून शेव घातलेले पोहे आले. मग चहा आला. मग लोटन अण्णांच्या आईने मला जवळ बोलावून मुलीची रास विचारली. वयात आलेल्या मुलीचा बाप टोपी घालून कुणाच्या घरी जातो आणि मुलाच्या तब्येतीची इतकी बारीक विचारपूस करतो तेव्हा तो स्थळ घेऊन आलेला असतो, हे साऱ्या खानदेशाला ठाऊक आहे. मला त्या वेळी आठवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी फोडायला कधी येता, असा निरोप आला.

मी घाबरलो, पण माघार घेतली नाही. म्हटले, खरा गुन्हेगार सापडला की सगळे आपोआप मिटेल. एका खासगी वायरमनकडून फोनचे दुसरे यंत्र आणून त्याच तारेवर धान्याच्या खोलीत बसवले. (तज्ज्ञांनी पाळत ठेवू नका असे म्हटल्याचे अंधुक आठवते. पण ते जळगावचे, त्यांना पारोळ्यातले काय माहीत.) काल दुपारी दोनला मी त्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांच्या मागे जाऊन बसलो. पत्र्याचे छप्पर, जूनचे ऊन आणि नेमके माझ्या मांडीला टेकलेले वर्षभराच्या लाल मिरच्यांचे पोते. घंटी वाजली. हेमीने उचलला. मी श्वास रोखून माझा उचलला. आणि कानात पोराचा नाही, तुमचा आवाज आला.

तुम्ही तिला म्हणत होता, "तुना बाप न्हानपनपाईन असाच शे. पैले भडकस, मंग रडस. तू काळजी नको करू, मी शे ना." मग सांगितलेत की कॉलेजात रांगेत उभे राहून चौकशी केली, जागा मिळेल, राहायला आपल्या घरची माडी आहे, वहिनी पलंगाची चादरही घेऊन आल्या. भाऊ, त्या क्षणी भडकावे की रडावे ते माझे ठरेना, तेवढ्यात मिरचीने निकाल लावला. अशी शिंक आली की पोत्यावरची मांजर पळाली.  आणि मग तुम्ही अगदी हळू म्हणालात, "हाई शिंक मोत्यानी शे," आणि खट्.

मी डोळे पुसत (मिरचीने, निदान सुरुवातीला) बाहेर आलो तर हेमी दारातच उभी. मला वाटले ती रडेल, आरडाओरडा करेल. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "बाबा, तज्ज्ञांचा चौथा मुद्दा तुम्ही ऐकलाच नाही. जे मुलांनी करू नये असं वाटतं ते आईबापांनी आधी बंद करावं. तुम्ही म्हणता, मनातलं बोलत जा. तुम्ही स्वतः सख्ख्या भावाशी बोलता का?" मग मंजुळा आली. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते. "मी हासी राहिंतू, तुमले वाटनं रडी राहिनी," म्हणाली. घरात सगळ्यांना माहीत होते, भटूलासुद्धा; त्या दोघांनी उचलल्यावरचे खट् मला दाखवण्यापुरते होते. फक्त कर्त्या माणसाला माहीत नव्हते, आणि तो सगळ्यांवर लक्ष ठेवून होता.

मला लाज वाटली. त्याहून जास्त बरे वाटले. तीन वर्षे मी समजत होतो की धुळ्याच्या त्या घरात माझे नावही निघत नसेल. आणि तिकडे माझ्या मुलीच्या भवितव्यासाठी एक माणूस दुखऱ्या गुडघ्याने रांगेत उभा होता. मुले कशी वाढवावीत यावर मला कुणी विचारले तर मी आता एवढेच सांगेन की फोन कुठेही ठेवा, त्यावर बोलायला घरात आपली माणसे हवीत.

वहिनींना नमस्कार, प्रकाश आणि सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला पापा.

तुमचा धाकटा,
मोतीलाल

ता.क. हेमीचे कॉलेज ठरले. पुढच्या सोमवारी पहिल्या एस.टी.ने तिला पाठवतो. ती माडीवर राहील. फोन घराच्या मध्यावर ठेवू नका, माझा अनुभव चांगला नाही.

दुसरा ता.क. पत्र लिहिण्याचे खरे कारण हे. लोटन अण्णांचा निरोप आला तेव्हा सुटका व्हावी म्हणून मी सांगून बसलो की आमच्याकडे थोरल्या भावाच्या शब्दाशिवाय सुपारी फुटत नाही. ते म्हणाले, पण तुमचे तर बोलणे नाही, सारा पारोळा जाणतो. मी म्हटले, कोण म्हणतो? तेव्हा रविवारच्या आत इकडे येऊन तुम्ही माझा भाऊ आहात हे चारचौघांत दाखवावे आणि हे स्थळ तुमच्या तोंडाने मोडावे. मुलगा खरोखरच चांगला आहे, त्याचा गुडघाही बरा होत आला आहे, त्यामुळे मला तोंड उचलून नाही म्हणवत नाही. तुम्हाला माझ्यावर रागावण्याचा सराव आहे, तुम्हाला जमेल.

तिसरा ता.क. स्थळ मीच मोडेन, त्यासाठी येऊ नका. पत्र पोचले की दुपारी दोनला फोन करा. उद्यापासून मी स्वतः पिठाच्या डब्याशेजारी बसणार आहे. मी उचलला तर ठेवू नका. तीन वर्षांनी एकदम काय बोलावे ते तुम्हाला सुचणार नाही, मलाही सुचणार नाही. तेव्हा नुसते खाकरा. मला कळेल.