थॉर्नबींची न सुटलेली सभा

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५
कॅनडातल्या लंडनपासून पन्नास मिनिटांवरचं शेतघर. बेसमेंटमधली खोली उबदार, इंटरनेट अपेक्षेपेक्षा बरं. काम एका आठवड्याचं: थॉर्नबी घराण्याच्या जुन्या वह्या स्कॅन करून वंशवृक्षाचा डेटाबेस बनवायचा. हे लोक क्वेकर, म्हणजे पुजारी नाही, मंत्र नाहीत, नुसतं एकत्र शांत बसून प्रार्थना; तिलाच ते सभा म्हणतात. १८१९ मध्ये यॉर्कशरहून इथे आले. आडनावाचा अर्थ काटेरी झाडांचं गाव. मी मार्थाला सांगितलं, माझंही तेच, बाभूळगावकर. मार्था, वय ८१, घराण्यात उरलेली एकटी, खूप हसली. म्हणाली, मग तू आमच्यातलीच.
मंगळवारी, १४ तारखेला, इथून सहा तासांवरच्या कनाटा शहरात नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. वेळ पुरेल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
४१२ नोंदी झाल्या. क्वेकर वार-महिन्यांची नावं लिहीत नसत, फक्त आकडे. दर सभेला कोण हजर होतं ते लिहिलेलं आणि खाली ठरलेली ओळ: हात मिळवले, सभा सुटली. शेजाऱ्याशी हात मिळवल्याशिवाय सभा संपत नाही.
एकच नोंद जुळत नाही. रेचल थॉर्नबी, वय १९. दहावा महिना, १४, १८३८: ‘हात दिला नाही.’ पुढे तिचं लग्न, मृत्यू, स्थलांतर, काहीच नाही. प्रोग्रॅम लाल खूण दाखवतो. मार्थाला विचारलं, तर म्हणाली, ती अजून बसली आहे. म्हातारीचं वय झालंय.
कनाटातल्या मैत्रिणीला, अवंतिकाला, फोनवर सांगितलं. तिचा टोमणा: बाई, तूही कुणाला हात लावू देत नाहीस, जपून.

रविवार, १२ ऑक्टोबर
मार्थाच्या आग्रहावरून शेताच्या टोकाला असलेल्या लाकडी सभागृहात गेले. दोघीच. तासभर मौन. शेवटी तिने हात पुढे केला. मला सर्दी, मी नमस्कार केला. तिचा हात तसाच राहिला.
“असं चालत नाही, केया. तुझी सभा सुटली नाही.”
मग ती एकटीच घरी गेली.

सोमवार, १३ ऑक्टोबर
टेबलावर एकच ताट. मार्था माझ्या आरपार बघते. गाडी सुरू होते, गेटपर्यंत जाते. पुढच्या क्षणी मी सभागृहातल्या बाकावर. तीनदा. तिन्ही वेळा तिथलं घड्याळ ११:०० वर, काल मार्थाने हात पुढे केला तीच वेळ.
अवंतिका फोन उचलते, हॅलो हॅलो करते, ठेवते. मी ओरडत होते.

दहावा महिना, १४
कनाटा आज — वार लिहायला हात वळत नाही.
सभेच्या जुन्या वहीत नवी ओळ. केया थॉर्नबी. हात दिला नाही. ओळ मी लिहिलेली नाही, आडनावही माझं नाही.
बाकावर डावीकडे रेचल. एकमेकींचे हात धरून पाहिले. आत अडकलेल्या दोघींनी सभा सुटत नाही. बाहेरच्या कुणाचा तरी हात हवा —

अकरावा महिना, २
सार्थक. नागपूरचा, लंडनला शिकतो. मार्थाने उरलेलं स्कॅनिंग करायला ठेवलाय. लाल खुणा आता दोन.
आमच्याच बाकावर बसला. तास संपला. मार्थाला हात दिला — दिला —
इकडे बघतोय. मी दिसते त्याला —
हात पुढे केला मी. आयुष्यात पहिल्यांदा, आधी —
ओळखीचं हसला. देशी मुलगी बघून. त्याने दोन्ही हात छातीशी जोडले