आईच्या खोलीतला बारा व्होल्टचा सप्लाय

बाबा, तुमचा ज्याच्यावर कधीच विश्वास बसला नाही, तसला स्विचिंग सप्लाय मी आईच्या खोलीसाठी लावला. बारा व्होल्ट, पाच अँपिअर, जाळीदार पत्र्याचा डबा. तुमच्या शेवटच्या वर्षांत गांधीबागेतल्या तुमच्या दुरुस्तीच्या खोलीवर असे डबे यायला लागले होते. कापडाच्या ठोक दुकानांवरचा तो मजला मला अजून दिसतो. धम्मचक्र दिनाआधीचे पंधरा दिवस वस्त्यावस्त्यांतून आलेले अ‍ॅम्प्लिफायर पार जिन्यापर्यंत रचलेले, आणि तुम्ही पेचकस लावायच्या आधी प्रत्येकाला दोन्ही हातांनी उचलून बघताय. तो पहिला डबा तुम्ही तळहातावर तोललात आणि म्हणालात, "याच्यात वजनच नाही. हाताले काही लागत नाही, अन् म्हणे पाच अँपिअर." मी समजावत राहिले की याची आतली पद्धतच निराळी, वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते, म्हणून इवलासा ट्रान्सफॉर्मर पुरतो. तुम्ही नुसते हसलात आणि डबा बाजूला ठेवलात.

तुम्ही गेल्यावर मी असे कितीतरी वापरले. आता नंदनवनच्या ह्याच घरात, पुढच्या खोलीत माझं टेबल आहे. पॉलिटेक्निकच्या लॅबमधली नोकरी आईसाठी सोडली. शेजारपाजारचे कूलरच्या पंपाचे टायमर सांगतात, कुणी टाकी भरल्याची घंटा सांगतं, ते करत बसते. डबा आणला की मी आधी मोकळाच चालू करते, मीटर लावून बारा येतात का बघते, मग गाडीचा एक जुना बल्ब जोडून पुन्हा मोजते. मोकळ्यावर बारा दाखवणारे कित्येक डबे बल्ब लावला की नऊवर बसतात. ही सवय तुमची. मीटरही तुम्हीच दिलेला, बारावीच्या निकालाच्या दिवशी, पेढ्यांच्या आधी.

तुमची बोलणी खाल्ली ती मात्र स्वयंपाकघरात. घरात तीन पिनांचा प्लग तेवढा ओट्याशेजारी होता, त्यामुळे रविवारी तुमची दुरुस्ती तिथेच मांडलेली. आई एका हातात लाटणं घेऊन उभी. "अवो, हे डबडं माह्या ओट्यावरून उचला आधी, नाही तं पोळ्या त्याच्यावरच लाटतो आता." तिचा आवाज तुम्हाला काय सांगायचा, गल्लीच्या टोकावरचा पानवाला वळून बघायचा. मी चौदा वर्षांची असेन. तुम्ही मला एक सप्लाय बघायला दिला होता आणि मी अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं, "गेला." तुम्ही ओरडला नाहीत. फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवलात. "काहून वं, न पाहताच मेला म्हणून राहिली? काय गेलं थे लिहून दे मले." मग त्या दिवसापासून तुमचा नियम मलाही लागू झाला. बाद केलेल्या प्रत्येक वस्तूवर कागदी पट्टी चिकटवायची आणि काय मोजलं, काय मिळालं नाही, ते तिच्यावर लिहायचं. नुसतं 'खराब' लिहिलेलं तुम्हाला चालत नसे.

दीड वर्षापूर्वी आईला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. बोलणं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं, आणि तिला सगळं समजतं. सुरुवातीला ती डाव्या हाताने स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटायची. ते ऐकवत नव्हतं, म्हणून मी घंटी केली. तिच्या डाव्या अंगठ्याखाली मोठं बटण, माझ्या टेबलापाशी बझर, आणि सप्लायही माझ्याच टेबलाखाली, म्हणजे तिच्या अंथरुणात बारा व्होल्टच्या वर काही जायला नको. ओल्या हातानेही धोका नाही. बटणात एक छोटा हिरवा दिवा बसवला. चालवणाऱ्याला वीज आहे की नाही ते दिसलं पाहिजे, हेही तुमचंच. पहिल्यांदा वाजली तेव्हा ती डाव्या बाजूने हसली आणि पुन्हा पुन्हा दाबत राहिली. मीही हसले. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी खीर खाल्ली.

मग ती दाबतच राहिली, बाबा. पाणी हवं, उशी सरकली, माशी बसली, पडदा ओढ, पडदा उघड. पुष्कळदा काहीच नसायचं. मी दारात जाऊन उभी राहायची आणि ती नुसती बघायची. जन्मभर बोलत आलेली बाई, तिला एवढं एकच बोलता येत होतं. हे मला आज समजतं. तेव्हा समजत नव्हतं असंही नाही, पण समजून माझा जीव हलका होत नव्हता.

मे महिन्यातली दुपार. कूलर नुसता गरम वारा फेकत होता. सकाळपासून मी अकरा वेळा उठले होते. हातात टायमरचं बोर्ड, डाग द्यायची सोल्डरिंगची कावी तापलेली, आणि बझर वाजला. गेले. काही नव्हतं. परत येऊन बसते न बसते तो पुन्हा वाजला. मी टेबलाखाली हात घातला आणि सप्लायचा स्विच बंद केला.

डबा चांगला होता, बाबा. मी बंद केला.

पाच मिनिटं म्हणून बंद केला आणि पाऊण तास तसाच ठेवला. काम संपवलं, चहा केला, बसून प्याले. मग स्विच चालू केला आणि आत गेले. अंथरूण ओलं झालं होतं, खालपर्यंत. तिचा अंगठा बटणावरच होता, नखाखाली पांढरा पडलेला. मी दारातून म्हणाले, "आई वं, सप्लाय गेला होता. आत्ता दिसलं मले." तिने माझ्याकडे पाहिलं, मग बटणातल्या दिव्याकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. ह्या डब्यांची एक खोड तुम्हाला माहीत नसेल. बंद केले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरते, त्यावर एवढासा दिवा काही क्षण जळतो आणि मंद होत विझतो. तो विझताना तिने पाहिला असणार. आणि मी दारात यायच्या आधी तो लागलेलाही तिने पाहिला. गेलेला सप्लाय मी खोलीत पाऊल टाकायच्या आधी आपोआप कसा सुधारला, हे तुमच्यासोबत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला मी काय सांगणार होते?

पुण्याहून भावाचा फोन आला, तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं आणि रडले. तो म्हणाला, "नवा लावून टाक ना मग. एवढ्याशा डब्यासाठी काहून रडून राहिली?" मी खरंच बर्डीच्या बाजारात जाऊन नवा आणला. जुना काढला, आणि हाताच्या सवयीने पट्टीही फाडली. पट्टीवर काय लिहू? मोजून पाहिलं, बल्ब लावूनही बाराच्या बारा आले. शेवटी 'आउटपुट नाही' असं लिहून तो खणात टाकला. तुमच्या नियमाने लिहिलेली ती पहिली खोटी पट्टी.

त्या दुपारनंतर आईने बटण दाबलेलं नाही. तीन महिने झाले. मी रोज सकाळी तिचा अंगठा धरून दाबून बघते. बझर खणखणीत वाजतो. मी हात सोडला की ती अंगठा बाजूला घेते आणि चादरीवर ठेवते. रागही दिसत नाही तोंडावर. राग असता तर मी माफी मागितली असती. आता मी दर तासाला उठून विचारते, पाणी हवं का, कूस बदलू का. ती डोळे मिटते. कितीदा गेले तरी मला उशीर झालेला असतो. तहान लागली तरी ती वाट बघते, ओलं झालं तरी वाट बघते. डॉक्टर म्हणतात हे होतं, आजार पुढे सरकला की माणूस मागणं सोडतं. मी मान हलवते. एकदा वाटलं तिच्या पायाशी बसून खरं सांगावं. पण ते तिला माहीत आहे. नवीन काय सांगणार? क्षमा करायची झाली तरी ती कशाने करणार, तिच्याकडे एकच शब्द होता आणि तो मी बंद केला.

हे तुम्हाला लिहिते आहे, कारण डबा उघडून दोन मिनिटांत खरं काय ते ओळखणारं दुसरं कुणी उरलं नाही. हा कागद पाठवायचा कुठे, हा प्रश्नच नाही. लिहून झालं की फाडेन. फक्त एक राहिलं. चूक कबूल केली असं वाटून तुम्ही मला सोडून द्याल, म्हणून तेही लिहिते. त्या पाऊण तासात, चहा पिताना, घर किती शांत आहे असं माझ्या मनात आलं होतं, आणि मला फार बरं वाटलं होतं.