बाईंनी घेतलेली मुलाखत

ताई,

उद्या माझी मुलाखत आहे, पस्तिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली. सराव कुणापुढे करणार? आईपुढेच बसले. ती मला ओळखत नाही, पण मुख्याध्यापिकेची खुर्ची अजून विसरलेली नाही. चष्मा लावून ताठ बसली आणि मला चक्क अहोजाहो करायला लागली.

"शिक्षण संपल्यावर इतकी वर्षं काय केलंत?"

"आईला सांभाळलं."

"म्हणजे नेमकं काय?"

अंघोळ, औषधं, रात्रीची जागरणं, ती बाहेर पडू नये म्हणून दाराला आतून कुलूप. सांगता सांगताच इतका थकवा आला की पुढचं आठवेना.

"दमला असाल," ती म्हणाली. दहा वर्षांत हे मला कुणी पहिल्यांदाच म्हणालं. "पण तुम्ही नोकरीवर आल्यावर आईकडे कोण बघणार?"

"मोठी बहीण आहे."

"तिला विचारलंत?"

"हो," मी म्हणाले.

लहानपणी आपलं खोटं पकडायची ना, तशीच चष्म्यावरून बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. कळवू."

तुला विचारायला म्हणून लिहिलेली चार पत्रं टेबलाच्या खणात पडून आहेत. हे पाचवं.

तुझी,
धाकटी