साहेबांना लागलेली हळद

ती. जानकीताईस,

धाकट्या तुळशीरामचा कोन गावाहून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींनी गोड खाणं सोडलं का (सोडलं नसणारच)? माझं म्हणशील, तर आठवडाभर टांगणीला लागलेला जीव बुधवारी दुपारी भांड्यात पडला.

त्याचं असं झालं. आमच्या शाळेत नववीला 'जीवनकौशल्यं' असा नवा तास सुरू झाला आणि तो माझ्या गळ्यात पडला. पुस्तकाबाहेरचं, पुढे कामधंद्याला उपयोगी पडेल असं शिकवायचं. (मी उभ्या जन्मात पुस्तकाबाहेर गेलो नाही, हे तू जाणतेस.) बुधवारी तपासणीला साहेब येणार होते. त्यांना पटलं नाही तर तास बंद आणि मी अतिरिक्त ठरून कुठल्यातरी लांबच्या शाळेत! तीन महिने मी फळ्यावर 'कार्यक्रमाचं नियोजन' शिकवलं होतं, म्हणून मुलांना म्हटलं, साहेबांचं स्वागत तुम्हीच करा, मी मध्ये पडणार नाही.

बुधवारी बघतो तर मैदानात मांडव! गाड्या लावायला दोघं, पाण्याला चौघं, वाढायला मुली, चुलीवर भात, सगळं मिनिटामिनिटाला ठरलेलं. फळ्यावरचं मात्र त्यात एक अक्षर नव्हतं. या पोरांनी आयुष्यात चोख पार पडलेला एकच कार्यक्रम पाहिलाय, गावातली लग्नाची हळद. तीच त्यांनी उभी केली होती. साहेब उतरले, त्यांना चौरंगावर बसवलं, आणि मी उठेपर्यंत वर्गातल्या क्षितिजाने त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासलीसुद्धा. पंचावन्न वर्षांचा माणूस, ताई! मी मनातल्या मनात बोचकं बांधायला घेतलं.

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला आणि विचारलं, हे कोणी शिकवलं?

"शिकवला कोनी न्हाय, सर," क्षितिजा म्हणाली. "हलदीला आमचे घरान हजार मानूस जेवतं. कोनी काय कराचा त्या आमाला म्हाईत हाय."

आणि अचानक शंभर माणसं वाढली तर, साहेबांनी विचारलं.

"दुसरे चुलीव पानी उकलतंच ठेवलाय."

साहेब हसले, दोनदा भात घेऊन जेवले आणि तास चालू ठेवा म्हणाले. सुटलो गं ताई! खरंच सुटलो.

तुझा,
तुळशीराम

ता. क. : साहेबांचा शेरा आज आला. 'विद्यार्थी तयार आहेत. शिक्षकांस प्रशिक्षणाची गरज.' प्रशिक्षण पंधरा दिवसांचं, तुमच्या कल्याणलाच. तुझ्याकडे राहू ना?

आणखी ता. क. : त्याचा फॉर्म ऑनलाइन भरायचाय, तो मला येत नाही. तुझ्या लेकीला, पूर्वाला सांग. क्षितिजा भरून देते म्हणाली, पण त्यात 'आपल्याला काय येत नाही?' असा रकाना आहे, आणि तिने लिहायला जास्तीचा कागद मागितला.