जिभेखालचा खडा

४ फेब्रुवारी १९७४
जेवायला बसलो की उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ येते. तासाभराने उतरते. दाढच असणार. नुसत्या आवाजावरून कापडाच्या लूमची खोट ओळखून दुरुस्त करणारा जॉबर मी, स्वतःची दाढ ओळखणार नाही?
बकुळाला माहेरी, दापोड्याला जाऊन तीन महिने झाले. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून ताट फेकलं होतं. एकदाच. दोनदा. या आठवड्यात येईल.

९ फेब्रुवारी
दाढ काढली. दातांचा डॉक्टर म्हणत होता, दाढ चांगली आहे. ठणकावून सांगितलं, काढा.

१० फेब्रुवारी
भात खाल्ला. गाठ आली.

१८ फेब्रुवारी
दुसरे डॉक्टर. जिभेखाली बोट घालून चाचपलं, एक्स-रे काढला. तांदळाएवढा पांढरा ठिपका. म्हणाले, "लाळेच्या नळीत खडा आहे. जेवताना लाळ सुटते, वाट अडते, म्हणून फुगतं. दाढ कशाला काढलीत?" भरपूर पाणी प्या, लिंबू चोखा, गाठ शेका. नाहीच निघाला तर ऑपरेशन.
आमच्या शेडमधला दामू दापोड्याचा. त्याच्याबरोबर बकुळाला निरोप धाडला: आजार मोठा आहे.

२१ फेब्रुवारी
दामू सांगतो, तिने एवढंच विचारलं, "जेवतो कुठं?" खानावळीत म्हटल्यावर उठून आत गेली. म्हणजे जीव तुटतोय. लिंबू बंद केलं. ती येईल तेव्हा गाठ दिसायला हवी.

३ मार्च
ताप. तोंडात पू. डॉक्टर खूप बोलले. रोज इंजेक्शन. ऑपरेशन बारा तारखेला. कागदावर सही बायको करेल, असं सांगून आलो.

१२ मार्च
सही दामूने केली. जीभ बधिर करून खडा काढला. मी दाराकडे बघत होतो. मान हलवू नका म्हणून दोनदा ओरडा खाल्ला.

१४ मार्च, दुपारी
दारात टेम्पो थांबला. केस विंचरून बाहेर गेलो. तिचा भाऊ लडकू, एकटाच. म्हणाला, "बकुळाचा पाट ठरलाय, कशेळीच्या माणसाशी. काडीमोडीचा कागद हाय, सही दे. तिची पेटी पण नेतो."
सही केली. पेटी जड होती, एका बाजूने मीच धरली.
लडकूने पेटी टेम्पोत सरकवली. "तुला काय बोलायचं न्हाय?"
जिभेखाली टाका आहे. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. म्हणून बोललो नाही. नाहीतर बोललो असतो.