खालच्या अंगाच्या चोवीस बाटल्या

शनिवार, ७ मार्च

चि. ठोंब्यास,

ताईचे आशीर्वाद. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाकिटावर बघून आधी कोण गेलं, हाच विचार तुझ्या मनात आला असेल. कोणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात, पण ते पाण्यात उभं राहून राहून. तुझं पित्त कसं आहे? मध्ये वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. कंपनीच्या कसल्याशा कार्यक्रमात धरणातला हातभर मासा धरून उभा होतास. पोट सुटलंय. टाय तुला अजिबात शोभत नाही. हे तुला तिथे कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

इकडे घर आहे तसंच आहे. मागच्या दाराची कडी तू मोडली होतीस, ती अजून सुतळीने बांधलेली आहे. आई गेल्यावर वर्षभर तिची खोली बंद ठेवली, मग म्हटलं जागा वाया कशाला घालवा. गेल्या महिन्यापर्यंत तिच्या कपाटात चिखल होता. खरंच चिखल, बरण्यांत भरलेला, धरणाच्या तळाचा. "काय ग हा राडा," म्हणाली असती.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू रडतोस. तू रडलास की मी विरघळते, हे तुला चड्डी नीट घालता येत नव्हती तेव्हापासून माहीत आहे. आता कागदापुढे रडून दाखव.

पुढचं सगळं तुला पाठ आहे, तरी क्रमाने लिहिते. हे पत्र तू फाडून टाकलंस तरी याची एक प्रत माझ्याजवळ राहणार आहे, आणि ती वाचणाऱ्यांना काही माहीत नसेल.

पाण्यातला पारा शोधायचा तर नमुना दोन माणसांनी घ्यायचा असतो. एकाने फक्त बाटलीला हात लावायचा, बाकी कशाला नाही. दुसऱ्याने बाकी सगळं बघायचं, होडी, दोर, पिशव्या, पेट्या. आपण त्याला सोवळे हात आणि ओवळे हात म्हणायचो. मी सोवळी, तू ओवळा. संशोधन केंद्रात मीच तुला चिकटवला होता, साहेबांच्या हातापाया पडून. संध्याकाळी केंद्रावर परतलो की प्रत्येक बाटलीत आम्ल घालायचं काम तुझं. आम्ल नसेल तर पारा टिकत नाही, बाटलीच्या अंगाला चिकटतो, नाहीतर उडून जातो, आणि आठ-दहा दिवसांनी प्रयोगशाळेच्या हाती नुसतं पाणी लागतं. आपल्या केंद्रातला शिपाईसुद्धा हे जाणत होता.

बेचाळीस बाटल्या होत्या. अठरा, पारा वापरून क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या अंगाला घेतलेल्या, चोवीस त्याच्या सांडपाण्याच्या नाल्यापासून खाली धरणापर्यंत. त्याआधीच्या फेरीत मला पारा सापडला होता आणि मी तो भर बैठकीत बोलून दाखवला होता. म्हणून ही दुसरी फेरी. आणि निकाल आला, पारा कुठेच नाही. फळमळ्यांतलं फवारणीचं औषध तेवढं सापडलं, कारण त्याचे नमुने वेगळ्या, गडद काचेच्या बाटल्यांत बर्फावर ठेवलेले होते आणि ते माझ्याकडे होते. मळेवाल्यांना नोटिसा गेल्या. त्यांचा दोष होताच, मी नाही म्हणत नाही. पण नदीचं सगळं खापर त्यांच्या एकट्यांच्या डोक्यावर फुटलं आणि कारखाना धुतल्या तांदळासारखा.

मी तुला विचारलं तेव्हा तू स्वयंपाकघरात आईसमोर बसून रडलास. "विसरलो ग ताई. आम्ल घालायचंच राहिलं. माझी नोकरी जाईल." आई म्हणाली, "लहान आहे तो, सांभाळून घे." छत्तीस वर्षांचा होतास लेका तेव्हा!

सांभाळून घेतलं. लिहून दिलं की आम्ल घालायची जबाबदारी माझी होती आणि ती माझ्याकडून राहिली, तेव्हा पुन्हा नमुने घेऊ द्या. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्या बाईंना आम्ल घालायचं आठवत नाही, त्यांच्या हातात पुन्हा बाटल्या द्यायच्या?" लोक हसले. तूही तिथेच होतास, भिंतीला टेकून उभा. माझं काम बंद झालं आणि मला नदीतली पट्टी वाचायला पाठवलं. सकाळी आठ, संध्याकाळी पाच, पाणी किती सेंटिमीटर ते वहीत लिहायचं. अकरा वर्षं मी तेवढंच केलं. डॉक्टरेट घेतलेली बाई, ठोंब्या, पट्टी वाचत होते मी!

आठ महिन्यांनी तुला त्याच कारखान्याच्या पर्यावरण विभागात जागा मिळाली, तेव्हा मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगत फिरले. मग तू यायचा बंद झालास. मला वाटायचं, बिचाऱ्याला माझ्यासमोर यायची लाज वाटते. आईच्या वेळी आलास तेही दोन तासांसाठी. तेव्हासुद्धा मी तुझीच पाठ थोपटत बसले होते. माझ्यासारखी गाढव शोधून सापडायची नाही.

गेल्या ऑक्टोबरात प्रयोगशाळेतल्या त्या जाड चष्म्याच्या बाईंचा फोन आला. त्याच, नमुने उतरवून घेणाऱ्या, ज्यांना तू "कागदवाल्या काकू" म्हणून चिडवायचास, कारण आलेल्या प्रत्येक बाटलीतला थेंब कागदाच्या पट्टीवर टाकून आम्ल आहे की नाही ते बघायच्या आणि नोंदवहीत टिपायच्या. प्रयोगशाळा नव्या इमारतीत जातेय, जुन्या वह्या रद्दीत चालल्यात, तुमची वही बघायची तर या, म्हणाल्या. गेले. त्यांच्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचलं.

वरच्या अंगाच्या अठराच्या अठरा बाटल्यांपुढे लिहिलंय, आम्ल आहे. खालच्या अंगाच्या चोवीसच्या चोवीस बाटल्यांपुढे, आम्ल नाही.

विसरणारा माणूस असा विसरत नाही रे. विसरणारा इथे एक विसरतो, तिथे दोन विसरतो, नाहीतर सगळंच विसरतो. तू अठरा बाटल्यांत न चुकता आम्ल घातलंस आणि नेमक्या नाल्यापासून खालच्या चोवीस सोडून दिल्यास. एक-एक बाटली हातात घेऊन, लेबल वाचून, बाजूला ठेवलीस. किती वेळ लागला असेल? मी शेजारच्या खोलीत बसून नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होते. मध्ये तू मला चहा आणून दिलास.

काकू म्हणाल्या, "बाई, बसा जरा." मी बसले नाही. बसले असते तर तिथेच काहीतरी फोडलं असतं.

तर आता माझं ऐक. अठरा तारखेला धरणातल्या पाऱ्याच्या चौकशी समितीची बैठक आहे आणि कंपनीचा तज्ज्ञ म्हणून तू बोलणार आहेस, हे मला कळलंय. त्या वहीच्या पानाची खरी प्रत समितीकडे पोचली आहे, आणि आम्ल घालायचं काम तुझं होतं, मी तेव्हा खोटं लिहून दिलं, हा माझा जबाबही. काकू साक्षीला येणार आहेत. शिवाय माझा चिखल आहे. पट्टी वाचायला नदीवर रोज जातच होते, तेव्हा चार हिवाळे धरणाच्या तळात पारदर्शक नळी ठोकून गाळ काढत राहिले. गाळ वर्षावर्षाच्या थरांनी बसतो. खालच्या थरांत, कारखाना नव्हता तेव्हाच्या, पारा नावापुरता आहे. कारखाना सुरू झाला तिथून चढत जातो. मळ्यांच्या औषधाचेही थर आहेत, बंदी आलेल्या औषधाचेसुद्धा, आणि तेही मी जसेच्या तसे मांडलेत. माझ्या हिशेबात कोणाला सूट नाही.

हे तुला आधी का कळवते आहे? तू सावध व्हावंस म्हणून नाही. आता तुला काही करता येणार नाही, सगळं दाखल झालंय. तुझी अकरा दिवसांची झोप उडावी म्हणून कळवते आहे. समितीपुढे तू उभा राहशील, "विसरलो" म्हणशील, आणि कोणीतरी ते पान तुझ्यापुढे सरकवील, हे मी ऑक्टोबरपासून रोज डोळ्यांसमोर आणते आणि मला बरं वाटतं. फार बरं वाटतं. अशी मी नव्हते. तू केलंस मला असं, आता भोग.

इथे पत्र संपवायला हवं होतं. दोनदा सही करायला घेतली आणि दोनदा पेन खाली ठेवलं. चिमीचं लिहायचं राहिलंय.

तुझी लेक नोव्हेंबरात माझ्याकडे आली, भांडायला. माझ्या गाळाच्या कामाची बातमी कोणाकडून तरी ती शिकवते त्या शाळेत पोचली होती. दारातूनच सुरू झाली, "आत्या, बाबांना का छळतेस? आम्ही शाळेत असल्यापासून कंपनीच्या वसाहतीत वाढलो, दर रविवारी धरणातले मासे खातो, काय झालंय आम्हाला?" धरणाकाठच्या कोळ्यांचे केस मी तेव्हा तपासायला पाठवत होते, केसांत पारा साठतो म्हणून. ती म्हणाली, "माझे घे. तुलनेला निरोगी माणूस लागतो ना?" आणि माझीच कात्री घेऊन मानेवरची बट कापून टेबलावर ठेवली. तुझी बाजू खरी करायला दिले तिने केस.

बारा जानेवारीला निकाल आला. माणसाच्या केसात पारा दहा लाख भागांत एकाच्या आत असावा. कोळ्यांचा सहा, सात. चिमीचा नऊ.

मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

हे कबूल करायला मला तुझ्याखेरीज कोणी नाही, बघ. मी कागद ठेवला, कारण मला तो बैठकीत वाचायचा होता, तुझ्या तोंडावर, सगळ्यांदेखत. आधी सांगितलं तर तुला कळेल, तू काहीतरी पळवाट काढशील, असं वाटलं. एकवीस दिवस ठेवला. त्या एकवीस दिवसांत तीन रविवार आले आणि तिन्ही रविवारी ती तुमच्याकडे जेवली. मला माहीत होतं ती जेवते आहे.

बाविसाव्या दिवशी माझं मलाच सहन होईना. तिला बोलावलं आणि कागद पुढे ठेवला. तिने वाचला, पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "आत्या, मला तिसरा महिना चालू आहे."

तू आजोबा होणार आहेस. ही बातमी तुला माझ्या पत्रातून कळावी, अशी तिची इच्छा आहे.

डॉक्टरबाईंकडे मी घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, मासे बंद केलेत, ठीक, दर दोन महिन्यांनी पारा निम्मा निम्मा होत जाईल. पण पोटातल्या मुलाच्या मेंदूवर काय झालंय का, ते आज कोणी सांगू शकत नाही. मूल जन्मेल, चालायला लागेल, बोलायला लागेल, तेव्हा कळेल. तोवर वाट बघायची. जावयांना सगळं सांगितलंय. ते बूट घालून बाहेर निघून गेले आणि तासाभराने परत आले.

एकवीस दिवसांचंही मी चिमीला सांगितलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी सकाळी बॅग घेऊन आली, आईच्या खोलीतल्या माझ्या बरण्या स्वतःच उचलून व्हरांड्यात नेल्या आणि त्या खोलीत राहायला लागली. बैठकीत तिचा आकडा मी वाचणार नाही. तीच वाचणार आहे, स्वतःच्या नावानिशी.

काल संध्याकाळी ओट्याशी उभी होती. म्हणाली, "बाबा मासे कधीच खात नाहीत. पित्त होतं म्हणतात. स्वतः गळ टाकून आणतात, फोटो काढतात, आम्हाला वाढतात आणि स्वतः भाजीभाकरी खातात." ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. घरच्यांना खाऊ नका म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ते तुला जमलं नसतं, एवढं मी तुला ओळखते. मला एकवीस दिवस जमलं नाही. तुला अकरा वर्षं जमलं नाही.

मग तिने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "आत्या, बाबांना माहीत होतं का?"

लहानपणापासून तुझ्याबद्दल कोणी काही विचारलं की उत्तर मी देत आले. काच कोणी फोडली, मी. पैसे कोणी घेतले, मी. आम्ल कोण विसरलं, मी. तोंडापर्यंत आलं होतं, खोटं नाही सांगत. "नसेल ग माहीत" म्हटलं असतं तर तुला एक लेक राहिली असती.

मी म्हटलं, "हो."

ताई