दुसरी किल्ली

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गाडी दारात नुसती उभी असल्यामुळे दिवसभर स्वयंपाकघरात लुडबुड करतो, म्हणून तुझी आई तेवढी वैतागली आहे.

तुम्ही आला होतात त्या रविवारी गाडी मागे घेताना फाटकाचा खांब मध्ये आला, असं मी सगळ्यांना सांगतोय. खांब जागच्या जागीच होता, मला दिसला नाही. मागे छकुली बसलेली. पोरीला खरचटलंही नाही, पण तू धावत खाली आलास तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. शेजारी खिडक्यांतून बघत होते. आता हा लेक बापाचा पाणउतारा करणार, म्हणून मी आधीच आवाज चढवला. तू लेकीला कडेवर घेतलंस आणि म्हणालास, "बाबा, आधी वर चला, चहा घेऊ." चहा झाल्यावर, दार लावून, मग किल्ली मागितलीस. जन्मभर बस चालवलेल्या माणसाकडे! मी तुला नाही नाही ते बोललो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि शेवटी मी किल्ली तुझ्यापुढे टाकली. पूर्वीचा बंड्या दार आपटून निघून गेला असता आणि वर जेवलाही नसता.

कॉलेजात असताना तू याच गाडीची चोरून दुसरी किल्ली करून घेतली होतीस, आठवतं? मित्रांना फिरवताना सापडलास. मी भर चौकात, त्या सगळ्यांसमोर तुझी अक्कल काढली आणि किल्ली हिसकावून घेतली. ती अजून माझ्या कपाटातच होती, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्या रविवारी तू एकच मागितलीस. मी म्हटलं, विसरला वाटतं. बरंच झालं.

काल तुझी आई बाजारात गेल्यावर ती किल्ली घेऊन गाडीत बसलो. इंजिन लगेच सुरू झालं. मागे वळून बघितलं, तर सीटवर छकुलीचा कापडी ससा पडलेला. इंजिन बंद केलं आणि ससा उचलून मांडीवर घेतला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की तू विसरला नव्हतास. मी तुझ्याकडून चारचौघांत हिसकावून घेतली, तीच मी आपल्या हातानं द्यावी म्हणून तू माझ्याकडे राहू दिलीस. तुझं लग्न झालं, लेक झाली, तरी तू मला पोरगाच वाटायचास रे. काल वाटला नाहीस.

म्हणून हे पत्र. पाकीट जपून उघड, आत किल्ली आहे. रविवारी आम्हाला फिरायला ने. मी मागे बसेन, छकुलीशेजारी. गाडी कशी चालवायची ते मात्र मागून सांगणार, तेवढं ऐकून घे.

तुझाच,
बाबा